सुलतानची गुरगुर

मास्तर म्हटलं की खडू-फळा डोळ्यांपुढे येतो. या मास्तरांनी शाळा सोडल्यापासून खडूला हात लावला नव्हता. ते कुत्र्यांचे मास्तर. आणि कुत्री म्हणजे उशीवर लोळून बिस्किटं खाणारी गोंडस मंडळी नव्हेत. दारात उभं राहिलं तर दार दिसेनासं व्हावं असे, साठ-सत्तर किलोंचे, मालकालाच रस्त्यावरून फरफटत नेणारे धटिंगण. लोक हौसेने मुठीएवढं पिल्लू आणायचे, आठ महिन्यांत ते सोफ्याएवढं व्हायचं, घरादाराच्या नाकी नऊ यायचे आणि मग मास्तरांना फोन जायचा. "तेवढं एकदा येऊन बघता का?" या 'तेवढं'वर मास्तरांनी तीस वर्षं संसार चालवला.

विद्या म्हणाल तर ती एका लाकडाच्या वखारीत मिळालेली. विशीत असताना तिथल्या राखणीच्या कुत्र्यांना खायला घालायचं काम त्यांना लागलं होतं. त्यात एक मॅस्टिफ होता, अवाढव्य डोक्याचा, सुरकुतलेल्या तोंडाचा, बराचसा आळशी. वखारीच्या मुकादमाला त्याचं गुरगुरणं खपत नसे. गुरगुरला की काठी. महिनाभरात कुत्रा गप्प झाला. मुकादम मिशीला पीळ देऊन सगळ्यांना सांगत सुटला की जनावराला धाक लागतो. मग एक दिवस त्या गप्प कुत्र्याने, एरवीसारखं शेपूट पाडून उभं असताना, मुकादमाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला. सगळे म्हणाले, कुत्रा दगाबाज निघाला. खायला घालणाऱ्या पोराला तेवढं कळलं होतं की दगा कुत्र्याने दिलेला नाही.

म्हणून पुढे मास्तर झाल्यावर ते प्रत्येक घरात पहिल्याच दिवशी एक भाषण ठोकायचे. "गुरगुरणारं कुत्रं चांगलं. ते तुमच्याशी बोलतंय. मला हे नकोय, असं दात लावायच्या आधी सांगतंय. माणसं एवढीसुद्धा सभ्यता पाळत नाहीत. गुरगुरला तर थांबा, मागे व्हा आणि का गुरगुरला ते शोधा. ओरडायचं नाही. मारायचं तर अजिबात नाही."

भाषण झालं की मास्तर जमिनीवर बसत, कुत्र्याकडे अर्धी पाठ करून, आणि भिंतीकडे बघत राहत. अर्धा तास, कधी तास. घरातली माणसं एकमेकांना कोपर मारत. एका बाईंनी तर नवऱ्याला मास्तरांच्या देखतच विचारलं होतं, "हे शिकवायला आलेत की ध्यानाला?" तासाभराने कुत्रं उठून येई, मास्तरांचा कान हुंगे, आणि तिथून शिकवणी सुरू होई. दिवसातून दोनदा खायला, एकदाच ढीगभर नाही. खाऊन झाल्यावर तासभर पळवायचं नाही, या मोठ्या जातींच्या पोटाला पीळ पडतो आणि कुत्रं बघता बघता हातचं जातं. दीड वर्षाचा होईपर्यंत जिने नाहीत, उड्या नाहीत, कारण अंग हत्तीचं असलं तरी हाडं अजून कच्ची असतात. तोंडाच्या घड्या रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. लहानपणीच चार तऱ्हेची माणसं दाखवायची, छत्रीवाली, चष्मेवाली, लंगडत चालणारी. "ज्याच्या अंगात मुळातच ताकद आहे त्याला जोर शिकवायचा नसतो," मास्तर म्हणायचे, "त्याला थांबायला शिकवायचं असतं."

घरी मात्र या विद्येला काडीची किंमत नव्हती. मास्तरांच्या कपड्यांना कायम लाळेचा वास. बायको ते वेगळ्या बादलीत भिजवायची आणि एकुलत्या एका लेकीला त्या कामाच्या आसपासही फिरकू द्यायची नाही. "या घरात एक कुत्रेवाला पुरे," हे तिचं ठरलेलं वाक्य. लेक शिकली, नकाशे काढायला लागली, आणि टाइल्सच्या एका मोठ्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांना बाथरूमचे आराखडे काढून देण्याच्या नोकरीला लागली. तिथे शोरूमच्या मालकाचा मुलगा तिला आवडला, त्यालाही ती आवडली, आणि मास्तर एका झटक्यात बड्या घराचे व्याही झाले.

व्याही माणूस दिलखुलास. म्हणजे स्वतःपुरता. "हे आमचे व्याही," असं ते पाहुण्यांना सांगत, "कुत्र्यांच्या लाइनमध्ये आहेत." पाहुणे हसत. मास्तरही हसत, कारण लेक तिथे ट्रे घेऊन उभी असे. त्या घरात मास्तरांची जागा बाहेरच्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर. कुणी तिथे बसा म्हटलं नव्हतं; पण पहिल्याच भेटीत विहीणबाईंनी त्यांच्या पँटकडे पाहून चहा बाहेर आणला, आणि पुढे तीच रीत पडली. जेवताना कुणाच्या ताटात केस निघाला की सगळ्यांचं लक्ष आधी सुनेकडे जायचं. थट्टाच ती. लेक माहेरी येऊन सांगायची आणि स्वतःच हसायची. मास्तरांना ते हसू ऐकवत नसे.

त्या घरात मॅस्टिफ आला तो मास्तरांना न विचारता. सलगीने विचारलं असतं तर मास्तरांनी नकोच म्हटलं असतं, कारण सगळं घर शोरूममधल्या सगळ्यात महागड्या, आरशासारख्या चकचकीत फरशांनी मढवलेलं. व्याह्यांनी त्याचं नाव ठेवलं सुलतान. लेक त्याला ठोंब्या म्हणायची, आणि तो नेमका तिच्याच हाकेला ओ द्यायचा. पाय चार दिशांना फाकवत, घसरत, भिंतीवर आपटत यायचा. घर खदखदून हसायचं. मास्तर व्हरांड्यातून त्याच्या मागच्या पायांकडे बघत राहायचे.

"चटया टाका," त्यांनी सांगितलं. "खरखरीत काहीतरी. याचे खुबे जातील. आणि वजन आवरा, वाढत्या वयात एवढं खायला घालू नका."

"टाइल्सवाल्याच्या घरात चटया?" व्याही म्हणाले. "अहो, लोक घर बघायला येतात आमच्याकडे. आणि वजनाचं म्हणाल, तर सुलतान बारीक बरा दिसेल का?"

दोन वर्षांचा झाला तेव्हा सुलतान बहात्तर किलोंचा होता. आणि त्याच सुमारास तो गुरगुरायला लागला.

सगळ्यांवर नाही. दिवाणखान्याच्या दाराशी त्याची पसरायची जागा होती. तिथून उठवायला व्याही पायाने त्याच्या ढुंगणाला ढोसत. एके दिवशी तो गुरगुरला. खोलवरून, इंजिन लांबून यावं तसा. व्याही दोन पावलं मागे सरले, आणि नेमके त्या वेळी सोफ्यावर तीन माणसं बसलेली होती. चूक झाली ती एवढीच. ती माणसं नसती तर कदाचित सगळंच वेगळं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावणं आलं. या वेळी चहा आत दिला गेला, सोफ्यावर. मास्तर टोकाला बसले, गादीला पाठ न टेकता. व्याह्यांनी जवळ सरकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"व्याही, माझ्याच घरात माझ्यावर गुरगुरतो हो! महिनाअखेरीला कंपनीची मोठी माणसं येतायत आमच्याकडे. तेवढा त्याचा आवाज बंद करा."

मास्तर उठले आणि सुलतानजवळ जाऊन बसले. हळूहळू पाठीवरून हात नेत मागच्या खुब्यापाशी आले आणि अंगठ्याने जरासं दाबलं. सुलतान गुरगुरला नाही. त्याने श्वास धरला, आणि डोळ्यांची पांढरी कड दिसली. मास्तरांना कळायचं ते कळलं.

"याला दुखतंय," ते म्हणाले. "एक्स-रे काढून घ्या. तो तुमच्यावर गुरगुरत नाही, दुखतंय म्हणून सांगतोय. ढोसू नका, हाक मारून उठवा. दोन-तीन महिन्यांत सगळं ठीक होईल."

"एक्स-रेचं बघू हो नंतर. आधी आवाज. तीन आठवडे आहेत." मग व्याही आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाले, "तुमच्या लेकीचं आमच्याकडे छान चाललंय. माझी बायको काय, बोलते थोडंफार. पण घरचा माणूस घरच्या कामाला आला, की बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात. खरं की नाही?"

धमकी नव्हती ती. धमकी असती तर मास्तर उठून गेले असते, तेवढा ताठा त्यांच्यात होता. ती मेहेरबानी होती, आणि मेहेरबानीपुढे गरीब माणसाचं काही चालत नाही. मास्तर 'बरं' म्हणाले. तीस वर्षं घराघरांत ठोकलेलं भाषण त्यांनी चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर गिळलं.

काम सोळा दिवस चाललं. लेक आणि जावई शोरूममध्ये गेलेले असताना मास्तर यायचे. पिशवीत आवळणारी साखळी असायची, जी त्यांनी दहा वर्षांत वापरली नव्हती आणि दुसऱ्या कुणी वापरलेली दिसली तर त्याची खरडपट्टी काढायचे. घरातल्या गड्याला सांगायचं, खुब्यावर हात ठेव. सुलतानच्या छातीत गुरगुर सुरू झाली, की ती ओठांवर यायच्या आत साखळीला हिसडा. पहिले चार दिवस सुलतान प्रत्येक हिसड्यानंतर मास्तरांकडे बघायचा. त्याला वाटत असावं, या माणसाचा हात चुकून लागला. हा तर स्वतःचा कान हुंगू देणारा माणूस. पाचव्या दिवसानंतर त्याने बघणं सोडलं. दहाव्या दिवशी गुरगुर छातीतच विझायला लागली. सोळाव्या दिवशी गड्याने खुब्यावर अख्खा भार टाकला तरी बहात्तर किलोंचं ते जनावर तोंड मिटून, ताठरून, भिंतीकडे बघत उभं राहिलं. गडी म्हणाला, "मास्तर, कमाल केलीत!" मास्तर त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत.

महिनाअखेरीला कंपनीची माणसं आली. व्याह्यांनी सगळ्यांदेखत सुलतानला पायाने ढोसलं, तो मुकाट उठला, आणि टाळ्या पडल्या. मास्तरांना मुद्दाम बोलावलं होतं. "आमचे व्याही," व्याही सांगत होते, "यांच्या हातात जादू आहे." कुत्र्यांच्या लाइनचा उल्लेख झाला नाही. विहीणबाईंनी मास्तरांना आग्रह करकरून वाढलं. लेकीचा चेहरा त्या दिवशी इतका मोकळा होता की मास्तरांनी मनाशी म्हटलं, चला, चीज झालं.

एक्स-रेचं पुढे कुणी बोललं नाही. बोलणार कशाला? सुलतान आता तक्रार करत नव्हता. मास्तरांनी दोनदा आठवण केली. व्याही "हो हो" म्हणाले. तिसऱ्यांदा तो विषय काढायची मास्तरांना भीड पडली, कारण आता ते आत सोफ्यावर बसत होते.

आणि एक गोष्ट त्यांनी लेकीला सांगायची ठेवली होती. सुलतानचं सगळं तीच करायची. तिला सांगायला हवं होतं, की बाई गं, याचा भोंगा मी काढून घेतलाय, आता तू याच्या डोळ्यांकडे बघत जा. ताठरला, ओठ चाटले, तोंड फिरवलं, की हात मागे घे. पाच मिनिटांचं काम. पण तिला सांगायचं म्हणजे ती विचारणार, मग असं केलंत कशाला? ती जावयाला सांगणार, जावई बापाला. मास्तर दर भेटीत ठरवून जायचे आणि दर भेटीत हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचे. असं वर्ष गेलं.

वर्षाने एका सकाळी सुलतान दाराशी घसरून पडला आणि त्याला उठता येईना. मागचे पाय फरशीवर नुसते सरकत होते. लेक शोरूमला निघाली होती. पर्स टाकून ती धावली. "ऊठ रे ठोंब्या, ऊठ," म्हणत तिने त्याच्या मागच्या पायांखाली दोन्ही हात घातले आणि सगळा जोर लावून उचललं. आवाज झाला नाही. सुलतानने मान वळवली आणि तिचा उजवा हात तोंडात धरला. सोडला तोही लगेच, आणि तोंड पुन्हा भिंतीकडे करून पडून राहिला. तेवढ्यात हाताचं व्हायचं ते झालं होतं. बारा टाके पडले, आणि दोन बोटांच्या शिरा तुटल्या. सर्जनने सांगितलं, बोटं राहतील, पण पूर्वीसारखी वाकणार नाहीत.

"एक शब्द न करता चावला हो!" व्याही ज्याला त्याला सांगत होते. "गुरगुरला असता तर पोरगी सावध तरी झाली असती. अस्तनीतला निखारा निघाला!"

चार दिवसांनी सुलतानला टेम्पोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. व्याही होते, मास्तर होते, आणि हात गळ्यात बांधलेली लेक, सगळ्यांनी नको म्हटलं तरी हट्टाने आलेली. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण पोच असलेल्या. त्यांनी सुलतानला भूल देऊन फिल्म काढली, आणि उजेडाच्या पाटीवर लावली.

"दोन्ही खुबे संपलेत," त्या म्हणाल्या. "हाडावर हाड घासतंय. हे चार दिवसांचं नाही, दीड-दोन वर्षांचं आहे. वर्षापूर्वी आणला असता तर वजन उतरवून, औषधं देऊन, पायाखाली नीट काहीतरी घालून त्याने चार-पाच वर्षं सुखाने काढली असती. आता हा उठायचा नाही. याला ठेवणं म्हणजे याचे हाल." मग त्यांनी फाइलमधून मान वर केली. "पण मला एक कळत नाही. एवढं दुखत असताना मागे हात लावल्यावर हा गुरगुरायचा नाही?"

"कधीच नाही!" व्याही म्हणाले. इतक्या दुःखातही त्यांच्या आवाजात अभिमान होता. "आधी करायचा थोडं. आमच्या व्याह्यांनी सोळा दिवसांत बंद केलं. पुन्हा म्हणून आवाज नाही."

डॉक्टरबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. एका धंद्यातलं माणूस दुसऱ्याकडे बघतं तसं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लेकही बघत होती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं? त्याला दुखतंय ते?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. फिल्म वर्षापूर्वीची नव्हती, अंगठ्याने दाबलं होतं याला व्याह्यांखेरीज साक्षीदार नव्हता; आणि त्यांना त्यातलं काही आठवतही नसेल. पण मास्तर म्हणाले, "हो."

"मी रोज त्याला मागून हात लावून उठवायचे," लेक म्हणाली. "रोज, बाबा. मला वाटायचं, आळशी आहे. मी त्याला रागवायचे."

"तुझ्यासाठीच केलं गं. त्या घरात तुझं..." व्याही शेजारीच उभे होते आणि काही न समजून एकदा मास्तरांकडे, एकदा सुनेकडे बघत होते.

"माझं नाव घालू नका त्यात," लेक म्हणाली. एवढंच, आणि तेही अगदी हळू.

भूल उतरत आली होती. सुलतानने डोळे किलकिले केले. डॉक्टरबाईंनी कायमच्या झोपेची सुई भरली आणि विचारलं, डोकं कोण धरणार? मास्तर पुढे झाले. अशी पंचवीस-तीस डोकी त्यांनी मांडीवर घेतली होती, प्रत्येकाच्या कानात काहीबाही सांगत. त्यातलं पोरक्यासारखं कुणी गेलं नव्हतं. त्यांना ते येत होतं, आणि सुलतानसाठी आता एवढंच करणं त्यांच्या हातात होतं.

"तुम्ही नको," लेक म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा. तुम्ही समोर असलात की त्याला दुखलं तरी तो आवाज काढणार नाही. निदान आज तरी त्याला ओरडू दे."

ती जमिनीवर बसली, डाव्या हाताने ते अवाढव्य डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि पदराने त्याच्या तोंडाच्या घड्या पुसायला लागली. मास्तर बाहेर गेले. मागोमाग व्याहीही आले, आणि बाकावर बसून सांगायला लागले, की पुढचा कुत्रा लहान जातीचा घेऊ, तुम्हीच निवडा. मास्तर बंद दाराशी उभे होते. आतून लेकीचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "बोल रे ठोंब्या. बोल. कुणी काही करत नाही तुला." ते बराच वेळ चाललं, आणि मग थांबलं.

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिच्या ओढलेल्या चेहऱ्यावर पाणी नव्हतं. मास्तरांना विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं.

"काही आवाज काढला का गं त्याने?"

"नाही," लेक म्हणाली. "तुम्ही काम पक्कं केलं होतं." आणि ती सासऱ्यांच्या मागून टेम्पोकडे चालू लागली.